खडकाचं विरजण

द्वारका दमली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं ती अशी का वागली आणि तशी का नाही, असं कुणी विचारायला नको. चौपन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, उजवा खांदा भरली कळशी उचलली तरी ठणकायचा. नऊ वर्षं रोज सकाळी सहाला खैरदऱ्याच्या देवळावरचा भोंगा वाजला की ती टिकाव घेऊन डोंगराला जात होती. एखाद्या सकाळी तिला वाटायचं, आज भोंगा बिघडलेला असावा. पण सौर बॅटरीवरचा भोंगा तो, मेला कधी बिघडायचा नाही.

खैरदरा म्हणजे बालाघाटाच्या डोंगरात अर्ध्या उंचीवर बसलेलं एकशेचाळीस उंबऱ्यांचं गाव. पूर्वी दसरा झाला की निम्मंअधिक गाव ऊसतोडीला जायचं. मग ऊस तोडणारी यंत्रं आली. पाच-सहा वर्षांत त्यांनी सगळा हंगामच गिळला, आणि कोयते आढ्याला खोचून माणसं कायमची गावात येऊन बसली. नुसतं बसून करायचं काय? फेब्रुवारीनंतर गावात प्यायला पाणी नसायचं. तेव्हा नवनाथ गर्जे नावाचा तरणा सरपंच निवडून आला आणि त्यानं सगळ्यांच्या हाती टिकाव-फावडी दिली. गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, दगडी बांध घातले, नाले अडवले. फोटो निघाले, एक ढाल मिळाली, ती ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली. आणि मार्च उजाडला की टँकर होताच.

असं चार वर्षं झाल्यावर माणसं चिडेनाशी झाली, आणि हे जास्त वाईट होतं. पाऊस पडत होता, चर भरत होते, पाणी जिरत होतं. जिरून जात कुठं होतं, ते मात्र कळत नव्हतं. द्वारकेचा नवरा भीमराव म्हणायचा, बस कर आता, आपल्या नशिबात नाही. तिलाही तसंच वाटायचं, पण सकाळी पायात चपला अडकवून ती निघायचीच.

पाचव्या वर्षी एका संशोधन संस्थेतून रुबीना तांबोळी आली. भूजलाची अभ्यासक, वय बत्तीस-तेहतीस, बोलायला मोकळी, भाकरी मागून खाणारी. तिनं गावातल्या आठ बोअरमध्ये केसाएवढी बारीक काचेची तार सोडली. त्या तारेतून प्रकाशाचे झटके पाठवायचे. खाली जिथं पाणी वाहतं तिथं तार किंचित गार होते, किंचित थरथरते, आणि परत येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तेवढ्यावरून संगणक जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा काढून दाखवतो. रुबीनानं शाळेच्या भिंतीवर चित्र पाडलं आणि गावानं आपल्या पायाखाली काय चाललंय ते पहिल्यांदा पाहिलं. चाळीस फुटांवर मांजऱ्या खडक होता, म्हणजे भोकाभोकांचा, भेगाळलेला काळा दगड. वर उंबरदऱ्याच्या पठारावरून येणारं पाणी आणि गावानं अडवलेलं पाणी, दोन्ही त्या थरात शिरून सरळ खालच्या दरीत निघून जात होतं.  चित्र बघता बघता एक म्हातारा उठून लघवीला गेला तो परत आलाच नाही.

उपायही रुबीनाकडंच होता. मातीत एक जिवाणू असतो, युरिया हे त्याचं खाणं. त्यानं युरिया फोडला की कार्बोनेट तयार होतं, आणि जवळपास विरघळलेला चुना असला की दोन्ही मिळून दगड बनतो, शहाबादी फरशीत असतो तसला. संस्थेनं या जिवाणूत फेरफार करून तो खोल जमिनीत, हवेशिवाय काम करील असा केला होता. ड्रममध्ये वाढवायचा, युरिया आणि आंबट ताकात विरघळवलेला चुना त्याला खाऊ घालायचा, आणि बोअरमधून भेगांत सोडायचा. बोटभर रुंदीची भेग अडीच महिन्यांत बंद. शिवाय तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याला एक कुलूप घातलं होतं: दर तिसऱ्या दिवशी ताजं खाणं मिळालं नाही तर तो मरून जायचा.

एक अट होती. हा जिवाणू गावाच्या शिवेबाहेर जायचा नाही. कुठलीही भेग बंद करण्याआधी तिच्यातून कुणाचं पाणी जातंय ते तारेनं बघायलाच हवं, नाहीतर एकाची विहीर भरायची आणि दुसऱ्याची आटायची. रुबीनानं हे तीनदा सांगितलं, ग्रामसभेनं सह्या-अंगठे केले. सगळं रीतसर झालं. फक्त शेवटी एका बाईनं विचारलं, "पण हे म्हणजे नक्की काय गं, औषध का खत?" आणि रुबीना सहज बोलून गेली, "विरजण समजा मावशी. खडकाचं विरजण."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावात जिवाणू हा शब्दच कुणी उच्चारला नाही. तीन ड्रम आले, विरजणाचे ड्रम. ते सांभाळायचं काम द्वारकेकडं आलं, कारण तिच्या हातचं दही कधी बिघडत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आता तुम्हीच सांगा, दर तिसऱ्या दिवशी खाऊ घालणं हे कुठल्या शहाण्याला कुलूप वाटलं असेल? ज्या बायका लग्न होऊन आल्यापासून रोज, आजारपणात नि सुतकातसुद्धा, वाटीभर विरजण जितं ठेवत आल्या, त्यांना तिसरा दिवस म्हणजे सुट्टीच होती.

दोन वर्षांत भेगा मिटल्या. सहाव्या वर्षी एप्रिलमध्ये विहिरीत पाणी होतं, सातव्या वर्षी मेअखेर. टँकरवाला चौकशीला आला, चहा पिऊन गेला. द्वारकेला वाटलं होतं की अशा वेळी आनंदानं रडू येईल. तसलं काही झालं नाही. ती विहिरीच्या काठावर बसली आणि तिला तिथंच डुलकी लागली.

त्याच वर्षी चैत्रात मथुरा आली. द्वारकेची धाकटी बहीण, वर पठारावरच्या उंबरदऱ्यात दिलेली. साठ घरांचं गाव, खैरदऱ्याहून कोरडं. मथुरा ऊन डोक्यावर घेऊन चालत उतरली होती, हातात स्टीलचा डबा. धड टेकलीसुद्धा नाही. सून दोन कोस पाण्याला जाते, सातवा महिना लागलाय, असं काहीबाही बोलली आणि म्हणाली, "आक्का, थोडं विरजण दे."

यात द्वारकेचा काय विचार झाला, ते तिनं पुढं स्वतःच सांगितलं. तिला अट आठवली नाही असं नाही. पण विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं असतं हे ती कुठं शिकलीच नव्हती. तिनं बाहेर बघितलं, दिवेलागण झालेली नव्हती. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, दुपारी द्यायला हरकत नव्हती. तिनं दोन नंबरच्या ड्रममधनं डबा भरून दिला, युरिया, चुना नि ताक किती घालायचं तेही सांगितलं. वर मथुरेला जेवायला थांबवून घेतलं.

नवव्या वर्षी खैरदऱ्याच्या विहिरी जानेवारीतच आटल्या.

पाऊस कमी झाला नव्हता. चर भरले होते, बांध जागच्या जागी होते. रुबीना तार बघायला आली आणि दिवसभर पडद्यासमोरून हलली नाही. संध्याकाळी तिनं सरपंचाला सांगितलं की वरून येणारी वाटच बंद झालीय. उंबरदऱ्याखालचा खडक कुणीतरी मिटवलाय, न बघता, न मोजता. पठारावरचं पाणी आता पठारावरच राहतंय. तिनं वरच्या विहिरीतलं पाणी तपासलं, तर त्यात खैरदऱ्याचाच जिवाणू. संस्थेनं त्याच्या गुणसूत्रात एक खूण लिहून ठेवली होती, त्यामुळं तो कुठल्या गावचा ते कळायचं. कुणाच्या हातून गेला, ते मात्र कळायचं नाही.

गावानं अर्थ लावला तो एकच. चोरून नेलं. नवनाथ सरपंच तापट नव्हता, पण नऊ वर्षं त्यानंही घमेली वाहिली होती. तो म्हणाला, ग्रामसभेनं तक्रारीचा ठराव केला की जिल्ह्याचं कार्यालय आठ दिवसांत उंबरदऱ्यात उतारा सोडेल. उतारा म्हणजे दुसरा एक जिवाणू, आंबट द्रव सोडून चुनखडी विरघळवणारा. खडक पुन्हा होता तसा उघडा. आणि उंबरदऱ्याच्या विहिरीही होत्या तशा कोरड्या. वर चोरीचा गुन्हा.

सभा सोमवारी सकाळी दहाला ठरली. रविवारी मथुरेचा फोन आला. तिच्या कानावर सगळं गेलेलं होतं. तिनं एवढंच सांगितलं, "तुझं नाव मी घेणार नाही, आक्का. आमचं व्हायचं ते होऊ दे." आणि फोन ठेवला.

म्हणजे गप्प बसलं तर निभावत होतं. कुणाला काही कळणार नव्हतं, गावाचं पाणी परत येणार होतं, द्वारकेची पत राहणार होती. भीमरावानं तर हात जोडले. म्हणाला, नऊ वर्षं गावासाठी झिजलीस, आता गावच्या शिव्या खायच्यात का? तिला त्याचं पटत होतं. तिला खरंच सोमवारी झोपून राहावंसं वाटत होतं, आणि आपण किती नीच झालोत याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं आणि कशाचंच काही करायची ताकद अंगात नव्हती.

सोमवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. ग्रामसेवकानं ठराव वाचला: उंबरदरा येथील ग्रामस्थांनी खैरदरा येथून जिवाणू चोरून नेला, सबब. नवनाथनं विचारलं, सगळ्यांना मंजूर? हात वर जाऊ लागले. द्वारका उठायला लागली. गुडघ्यांमुळं तिला उठायला वेळ लागतो, तोवर पन्नासेक हात वर झाले होते.

"चोरून नाही नेलं," ती म्हणाली. "मी दिलं."

नवनाथला वाटलं बहिणीवर पांघरूण घालतेय. तो मऊपणानं म्हणाला, "काकू, बसा. दमलाय तुम्ही."

"दमले तर आहेच. पण दिलं मीच. बहिणीनं विरजण मागितलं, मी नाही कसं म्हणू?"

पुरुषांच्या बाजूनं गलका उठला. कुणी म्हणालं, सह्या कशाला केल्या मग? कुणी म्हणालं, ज्या ड्रमवर विश्वासानं बसवलं तिथंच घात. द्वारका उभीच होती, कारण पुन्हा बसायचं तर पुन्हा उठावं लागलं असतं. बायकांच्या बाजूनं मात्र एक आवाज आला नाही. दोनशे बायका आणि चिडीचूप. ते नवनाथच्याही लक्षात आलं.

तेव्हा मागं बसलेली रुबीना उठली. ती म्हणाली की मला हे आज सांगायचं नव्हतं, पण आता ठरावाआधी सांगायला हवं. उंबरदऱ्यात खूण सापडल्यावर तिनं आसपासची सगळीच गावं तपासली होती. उंबरदरा धरून नऊ गावांच्या पाण्यात खैरदऱ्याचा जिवाणू होता. ती एकेक नाव वाचू लागली. खैरदऱ्यात कुणाचं माहेर कुठलं आणि कुणाची लेक कुठं दिलीय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळं गावाचं नाव आलं की सगळ्यांचे डोळे आपोआप एकेका बाईकडं वळत होते. कुणी पदर सारखा करत होती, कुणी खाली मातीत बोटानं रेघा ओढत होती. सहावं नाव आलं कारेवाडी. कारेवाडी म्हणजे सरपंचाची सासुरवाडी. नवनाथनं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "आईनं मागितलं होतं," आणि मान वर करून त्याच्याकडं बघतच राहिली. शेवटी त्यानंच नजर काढून घेतली.

तक्रार करायची तर आता कुणावर करायची? ग्रामसेवकानं ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला.

रुबीना बोलत राहिली. ती म्हणाली, विरजण हा शब्द मीच तोंडातून काढला, त्याचा दोष माझ्याकडं लागतो. आणि दुसरीही एक चूक माझीच. तार आम्ही तुमच्या शिवेपर्यंतच टाकली. खाली दरीत कुणी राहत नाही असं धरून चाललो. दरीच्या तोंडाला चाळीस घरांची वस्ती आहे, तिथला झरा तुमच्या भेगा मिटल्या त्याच वर्षी आटला. त्यांनी कुणाकडं तक्रार केली नाही, कारण झरा का आटला हेच त्यांना कळलं नाही.

हे ऐकल्यावर सभा एकदम म्हातारी झाल्यासारखी दिसू लागली. चोर म्हणायला निघालेल्या गावानं तेच आधी करून ठेवलं होतं, आणि ढाल कपाटात होती.

वाट एकच होती. अकरा वस्त्यांच्या पोटातला खडक एकत्र वाचायचा, आणि प्रत्येकानं आपला बंद केलेला खडक निम्मा उघडायचा, पाणी वरून खाली सोडत न्यायचं. सगळ्यांना थोडं, कुणालाच पुरेसं नाही. मेमध्ये महिनाभर टँकर, वरही आणि खालीही. किती वर्षं लागतील? रुबीना म्हणाली, चार, नीट चाललं तर. कुणीतरी हसलं. पण हात वर झाले, आधीपेक्षा सावकाश झाले. ड्रम द्वारकेकडून काढून घ्यायचंही ठरलं, त्यावर मात्र चटकन हात आले. ती म्हणाली ठीक आहे. आता तरी सुटले, असं वाटायला हवं होतं. घरी गेल्यावर ती मोरीत बसून भरपूर रडली.

आता नऊ गावांत जाऊन सांगायचं कुणी? सरपंचानं कागद पाठवला असता तर कुणी दारात उभं केलं नसतं. मग बायकांनीच ठरवलं, जिनं जिथं दिलं तिनं तिथं जायचं.

द्वारका चौथ्या दिवशी सकाळी उंबरदऱ्याची चढण चढली. सोबत रुबीना आणि उताऱ्याचा कॅन होता. उंबरदऱ्याच्या पंचांना रुबीनानं आदल्या दिवशीच चित्र दाखवलं होतं. ते म्हणाले होते, विरजण मथुरेनं आणलं, तिच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. मथुरा दारातच उभी होती. तिनं बहिणीला घरात न घेता आधी विहिरीवर नेलं. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत होतं, स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. सून दीड-दोन वर्षांच्या नातीला काठावर अंघोळ घालत होती. भरपूर पाण्यानं, तांब्यावर तांबे ओतून.

द्वारकेनं सांगायचं ते सांगितलं.  सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "दिलेलं विरजण परत मागतं का गं कुणी, आक्का?"

"नाही मागत."

"मग?"

"मग काय. मी मागतेय. कागद आणलेला नाही, जबरदस्ती नाही. तू नको म्हणालीस तर मी तशीच उतरून जाईन."

मथुरेनं विचारलं, निम्मं म्हणजे कुठपर्यंत. द्वारकेनं विहिरीच्या कडेला वाकून खालून सातव्या पायरीकडं बोट दाखवलं. मथुरेनं वरून त्या पायरीपर्यंतच्या पायऱ्या मोजल्या. तिथवर उतरायचं म्हणजे भरला हंडा घेऊन पंधरा पायऱ्या चढायच्या, आणि मेमध्ये तेवढंही नाही. दोघींना हिशेब सांगायची गरज नव्हती, दोघींनीही जन्मभर तेच केलं होतं.

"माझ्या सुनेच्या डोक्यावर पुन्हा हंडा चढवायला आलीस," मथुरा म्हणाली.

"हो," द्वारका म्हणाली. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

मथुरेनं सुनेला सांगितलं, मावशीला बोअर कुठंय ते दाखव. आणि ती घरात निघून गेली.

उतारा सोडायला दुपारचे तीन वाजले. रुबीना कॅन घेऊन पुढं गेली. द्वारका बहिणीच्या दारापाशी आली. आत चूल पेटलेली होती, भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे मथुरा आतच होती. दिवसभरात तिनं बहिणीला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. द्वारका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "येते गं मथुरे."

येते म्हटलं की आतल्यानं ये म्हणायचं असतं. कितीही भांडण असलं तरी म्हणायचं असतं, नाहीतर निघालेल्याचा पाय उचलत नाही. द्वारका थांबली. आत भांड्यांचा आवाज बंद झाला. ती अजून थोडी थांबली, दाराच्या चौकटीला हात धरून. शेवटी सून नातीला कडेवर घेऊन पुढं आली आणि हळूच म्हणाली, "या मावशी."

आत भांडी पुन्हा वाजू लागली.